फुसाएबाईंची तबकडी

मित्रांनो, मी एक जुना सीडी ड्राइव्ह आहे. 'जुना' हा शब्द मी स्वतःच आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही तो नाक मुरडून म्हणणार हे मला ठाऊक आहे. तुमच्यातल्या निम्म्यांनी माझ्यासारखा कोणी पाहिलाही नसेल. तुमचे संगीत हवेतून येते, फोनमध्ये वाजते आणि एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून निघून जाते. ते कोणी वाचले, नीट वाचले की वाटेल ते ठोकून दिले, याची तुम्हाला कधी फिकीर पडली आहे का? नाही ना? मग माझे तुमच्याबद्दल काय मत असेल ते विचारू नका. मुकाट्याने गोष्ट ऐका.

माझा जन्म डोंगरातल्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसत. माझे भिंग बसवणारी बाई इतकी कसोशीची होती, की काम चालू असताना शिंक आली तरी ती दाबून ठेवी. माझी परीक्षा घेताना तिने माझ्या पोटात मुद्दाम ओरखडे काढलेली एक तबकडी घातली. ओरखडा आला की थांबायचे, मागे जाऊन पुन्हा वाचायचे, आणि तरीही वाचता आले नाही तर 'जमले नाही' असे सरळ सांगायचे, हा धडा मी पहिल्याच दिवशी शिकलो. मी पास झालो तेव्हा ती बाई म्हणाली, "हा प्रामाणिक निघाला." तेवढीच काय ती आई मला मिळाली. मग तिने मला खोक्यात घातले आणि पुढचा हातात घेतला.

माझ्यात एक खोड आहे, तीही सांगून टाकतो. आमच्या जातीत प्रत्येक जण वाचायला जरा लवकर किंवा जरा उशिरा सुरुवात करतो. मी एका सेकंदाच्या सत्तराव्या भागाइतका उशिरा सुरू होतो. पण रोज तेवढाच! माझ्यानंतर निघालेले ते पापडासारखे पातळ ड्राइव्ह तुम्ही पाहिले असतील. आज एक सांगतात, उद्या दुसरे, आणि परवा तर तोंडच उघडत नाहीत. त्यांना लोक 'सुटसुटीत' म्हणतात.

मी त्सुबामे गावच्या वाचनालयात अकरा वर्षे नोकरी केली. त्सुबामे हे ठोकाठोकी करणाऱ्यांचे गाव आहे. इथे चमचे, सुऱ्या, तांब्याच्या किटल्या होतात, आणि सकाळी आठपासून हातोड्यांचा आवाज सुरू असतो. वाचनालयातल्या तबकड्या लोक घरी नेत आणि त्यांच्यावर भाताची वाळलेली शिते, चहाचे डाग आणि नखांचे ओरखडे घेऊन परत आणत. त्या मी तपासत असे. तिथल्या बाई माझ्यावर विसंबून असत. मग एके दिवशी नवे संगणक आले. माझ्या निरोप समारंभाचे विचाराल, तर मला एका पिशवीत घालून जुन्या सामानाच्या दुकानात धाडण्यात आले. तिथे निळ्या टोपलीत, एक कान तुटलेल्या हेडफोनशेजारी मी पडून राहिलो. माझ्या अंगावर चिठ्ठी लावली होती, 'चालेल की नाही सांगता येत नाही.' अकरा वर्षांच्या सेवेनंतर हे प्रशस्तिपत्रक!

मला तिथून उचलले ते इवाफुने यांनी. हे विजेच्या सामानाचे दुकानदार. वय सत्तर, चष्मा जाड आणि जीभ त्याहून जाड. त्यांनी माझ्या पाठीवरचा क्रमांक वाचला आणि भर दुकानात मोठ्याने म्हणाले, "अरे, तू इथे काय करतोयस?" माणसाने माझी ओळख दाखवल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग. त्यांनी मला लोखंडी पेटी करून दिली, भिंग पुसले आणि आपल्या संगणकाला जोडले. माझ्या सोबतीला त्यांनी एक प्रोग्रॅमही दिला. त्याचा चेहरा राखाडी होता. ना चित्र, ना रंग, नुसते आकडे. तो प्रत्येक गाणे माझ्याकडून दोनदा वाचून घेई आणि दोन्ही वेळा एकच उत्तर आले नाही तर तिसऱ्यांदा विचारी. शंकेखोर आणि चिकट! मी त्याचे नाव 'खडूस' ठेवले. मित्रांनो, माझ्या तोंडून खडूस हा शब्द आला की ती स्तुती समजावी.

आता होन्मांच्या घरची गोष्ट.

तोकुइची होन्मा हे तांब्याच्या किटल्या ठोकणारे कारागीर, वय ब्याऐंशी. तांब्याच्या सपाट पत्र्यावर हजारो घाव घालून ते त्याची तोटीसकट किटली उभी करत. साठ वर्षे हेच काम. त्यांची बायको फुसाएबाई. त्या कोतो वाजवत आणि शिकवत. कोतो म्हणजे जमिनीवर आडवे ठेवून वाजवायचे लांबलचक तंतुवाद्य. त्या वारून सहा वर्षे झाली होती. तोकुइची आता त्या घरात एकटेच राहत आणि जिना चढताना दोनदा पडले होते. म्हणून त्यांची मुलगी मिचिए त्यांना नीगाता शहरात आपल्या घरी नेणार होती. ते घर लहान. चारशे तबकड्यांचे कपाट तिथे मावणार नव्हते.

मिचिएचा नवरा रिओहेइ दुकानात आला तेव्हा मी टेबलावरच होतो.

"काका, तुमचा ड्राइव्ह तीन दिवस द्याल का? आमच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही."

"लॅपटॉपला नाही, आणि घेणाऱ्याला ती का लागते ते कळत नाही," इवाफुने म्हणाले. "काय करणार आहेस?"

"बाबांच्या सगळ्या सीडी फाइलींमध्ये करून टाकतो. मग सीडी बुधवारच्या कचऱ्यात. सामान कमी तर मन हलकं, काका."

"डोकं आधीच हलकं असलं की बरं पडतं. हे घे, ड्राइव्हबरोबर हा प्रोग्रॅमही ने. दिसायला भिकार आहे, पण खोटं बोलत नाही."

रिओहेइने खडूसचा चेहरा पाहिला आणि हसला. "हे तर पेन्शनच्या फॉर्मसारखं दिसतंय! माझ्याकडे दुसरा आहे. तीन मिनिटांत सीडी पूर्ण, वरचं चित्रसुद्धा आपोआप येतं. फाइलही अशी, की आवाजाचा एक कण गळत नाही. पाच तारे मिळालेत त्याला."

"तारे कोणी दिले?"

"लोकांनी."

"ऐकून दिले की बघून?"

 रिओहेइने मला कापडात गुंडाळले आणि नेले. माणूस वाईट नव्हता, एवढे मी कबूल करतो. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी त्याची तऱ्हा. त्याला काम करायचे नव्हते, काम झालेले हवे होते.

त्याच्या त्या पाच तारेवाल्या प्रोग्रॅमचे नाव मी 'गोडबोल्या' ठेवले. काय त्याचे रंग! काय त्या गोल गोल कडा! तबकडी आत गेली की तो आधी तिचे चित्र शोधून आणी आणि ते गरगर फिरवून दाखवी. मग मला म्हणे, चल, पळ. ओरखडा आला की मी माझ्या संस्कारांप्रमाणे थांबे आणि मागे जाऊ लागे. याला धीर कुठला! तो म्हणे, राहू दे, मी भरतो. आणि गेलेल्या सुराच्या जागी अलीकडचा-पलीकडचा सूर पाहून मनानेच काहीतरी भरून टाकी. मी खाली 'जमले नाही, जमले नाही' म्हणून ओरडत असे आणि हा वर हिरवी खूण करून 'शंभर टक्के पूर्ण' अशी पाटी लावत असे. फाइलीत एक कणही गळत नाही म्हणे! अरे, खोटे एक कणही न गाळता जपून ठेवले, तर त्याचे खरे होते का?

असे तीन दिवस गेले. तबकड्या कपाटातून माझ्या पोटात आणि माझ्या पोटातून पिशवीत जात राहिल्या. मंगळवारी दुपारी एकच उरली. तिच्यावर फिकट निळ्या कागदाची पट्टी होती. फुसाएबाईंच्या वर्गाला वीस वर्षे झाली तेव्हा, म्हणजे एकोणीसशे सत्त्याऐंशी साली, शिष्यिणींनी मिळून ती ध्वनिमुद्रित करून घेतली होती. देवळाच्या सभागृहात, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, उकाड्यामुळे दारे उघडी टाकून वाजवलेले कोतोवादन. मोजक्याच प्रती निघाल्या होत्या. त्या ज्यांच्या घरी गेल्या, ती घरे एकेक करून रिकामी झाली होती.

"बाबा, ही तरी राहू दे ना," मिचिए म्हणाली.

तोकुइची व्हरांड्याच्या कडेला चहा घेत बसले होते. तिला तेच दोनदा मोठ्याने सांगावे लागले. "काय करू ठेवून?" ते म्हणाले. "माझे कान तांब्यानं खाल्ले. त्या लॅपटॉपच्या पेटीत नीट उतरवा म्हणजे झालं. बाकीच्यांबरोबर हिलाही जाऊ दे."

"एक कण गळणार नाही, बाबा," रिओहेइ म्हणाला.

तबकडी आत आली आणि मी दचकलो. तिच्यावर एक खूण होती. ही खूण फार जुन्या तबकड्यांवर असते. वर्षानुवर्षे ती पाहिली नव्हती, पण मी ती ओळखली आणि मोठ्याने वाचून दाखवली. खडूस असता तर तिथेच थांबला असता. गोडबोल्याने माझ्याकडे लक्षही दिले नाही. तो फुसाएबाईंचे चित्र शोधण्यात गुंतला होता. ते न मिळाल्यामुळे त्याने दुसऱ्याच कोणा बाईचे लावले. तीन मिनिटांत हिरवी खूण आली. रिओहेइने तबकडी पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली आणि ऐटीत फाइल चालू केली.

मिचिए स्वयंपाकघरातून कानांवर हात ठेवून बाहेर आली. "हे काय लावलंयस? पत्रा घासल्यासारखं वाजतंय!"

"जुनी सीडी आहे ना, तशीच असेल."

"तशी नव्हती. मी लहानपणापासून ऐकलीय. आईचा कोतो असा किंचाळत नव्हता."

माझे तोंड व्हरांड्याकडे होते. म्हणून या दोघांना जे दिसले नाही ते मला दिसले. तोकुइचींचा चहाचा पेला ओठांपाशी येऊन थांबला होता. त्यांनी मान जरा तिरकी केली. पेला खाली ठेवला. "हे काय वाजतंय?" त्यांनी विचारले.

"हो ना बाबा, कर्कश झालंय," मिचिए म्हणाली. "थांबा, बंद करते."

"नाही, मी म्हणत होतो की..."

पण म्हाताऱ्या बहिऱ्या माणसाचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबतो कोण? मिचिएने आवाज बंद केला होता आणि तिचा फोन इवाफुने यांना लागलाही होता. खरे सांगतो मित्रांनो, तेव्हा मीही थांबलो नाही. मला वाटले, म्हातारबुवांनाही खोट टोचली. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता गोडबोल्याचे पितळ उघडे पडणार!

इवाफुने दहा मिनिटांत सायकलवर आले. त्यांनी अर्धे मिनिट ऐकले आणि विचारले, "सीडी कुठाय?"

"पिशवीत," रिओहेइ म्हणाला. "उद्या सकाळी आठला गाडी येते."

इवाफुने यांनी गाठ सोडायचा प्रयत्नच केला नाही. पिशवी फाडली आणि चारशे तबकड्या चटईवर ओतल्या. मग गुडघ्यांवर बसून, शिव्या पुटपुटत, निळ्या पट्टीची तबकडी शोधून काढली आणि उजेडात धरली. ओरखडा नव्हता.

"जावईबापू, तुम्ही खारवलेला मासा खाता ना?"

"खातो की."

"तो टिकावा म्हणून त्याला मीठ जास्त मारतात. शिजवायच्या आधी पाण्यात ठेवून ते काढावं लागतं. बरोबर? त्या काळात काही सीडींचं तसंच करत. मागची खरखर लपावी म्हणून बारीक, उंच आवाज मुद्दाम वाढवून ठेवायचे, आणि 'वाजवताना हे तेवढं खाली आणा' अशी खूण घालायचे. घरातलं साधं यंत्र ती खूण बघून आवाज खाली आणतं. तुमच्या पाच ताऱ्यांनी खूण बघितलीच नाही. मासा पाण्यात न घालता तसाच ताटात वाढला."

"मला काय माहीत, काका!"

"तेच तर. माहीत नाही, आणि मूळ मात्र उद्या आठच्या आत कचऱ्यात! बायकोच्या आईचा एकुलता एक आवाज, आणि त्याची ही एवढीच प्रत राहिली असती." एवढे बोलून त्यांनी रिओहेइला बाजूला सारले, ती कर्कश फाइल निवडली आणि पुसून टाकली. "असलं घरात ठेवू नये."

"अहो, विचारायचं तरी!"

"विचारण्यासारखं काय होतं त्यात?"

मग इवाफुने यांनी लॅपटॉपवर खडूस चढवला. काय सांगू, त्या राखाडी चेहऱ्याला पाहून मला भरून आले. त्याने खूण वाचली, मला दोनदा विचारून खात्री केली, आणि उंच सूर जितके खाली आणायला हवेत तितकेच आणले. प्रत्येक गाणे दोनदा. उत्तर दोन्ही वेळा तंतोतंत तेच. चाळीस मिनिटे लागली. रिओहेइने तेवढ्यात तीनदा घड्याळ पाहिले आणि बांबूच्या पानात बांधलेले दोन गोड उंडे खाल्ले.

फाइल चालू झाली. आता तो खरा कोतो होता. लाकूड ऐकू येत होते, तारेवरून सुटलेले बोट ऐकू येत होते. मिचिएच्या डोळ्यांत पाणी आले. "हीच आई," ती म्हणाली. इवाफुने यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. रिओहेइसुद्धा ओशाळला. आणि मी? मी फुगलो. पाच तारे म्हणे! वाजवा आता!

सगळ्यांनी तोकुइचींकडे पाहिले. ते ऐकत होते. यजमानाने वाढलेले न आवडलेले पदार्थ माणूस खातो, तसे ऐकत होते.

"छान आहे," ते म्हणाले. मग पेला बाजूला सारून म्हणाले, "मघाचं लाव."

"मघाचं चुकलं होतं, बाबा," मिचिए त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली. "आत्ताचं बरोबर आहे."

"असू दे. चुकलेलंच लाव."

इवाफुने हसले. "तोकु-सान, ते मी पुसलं. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं."

"होतं," तोकुइची म्हणाले. "कोतोच्या मागं. बारीक. रीं... रीं... असं. आत्ताच्यात नाही ते."

मिचिए बापाकडे पाहतच राहिली. "सुझुमुशी! देवळाच्या बागेतले घंटीकिडे. बाबा, ते आत्ताच्यातही आहेत. पहिल्यापासून आहेत. आई दर सप्टेंबरला ही सीडी मुद्दाम त्यासाठी तर लावायची."

"मला माहीत आहे कशासाठी लावायची. लावायची आणि विचारायची, ऐकू येतंय का. मी हो म्हणायचो."

मिचिए त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"तीस वर्षं हो म्हटलं," ते पुढे म्हणाले. "बागेतले खरे किडे ओरडायचे तेव्हाही हो म्हटलं. चाळिशीतच गेले होते ते माझ्या कानातून. ठोकाठोकीत बारीक आवाजच सगळ्यात आधी जातात. एकदा नाही म्हटलं असतं तर तिनं हातोडा सोडायला लावला असता. कापसाचे बोळे घेऊन मागे लागायचीच. आणि मला दुसरं येतं काय? ती किती खूश व्हायची, मी हो म्हटल्यावर! म्हणायची, बघा, अजून शाबूत आहेत कान." त्यांनी जाड झालेली बोटे गुडघ्यावर घासली. "आज पहिल्यांदा ऐकले. अर्धं मिनिट. मग तुम्ही बंद केलं."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला लाज वाटण्याची सोय केलेली नाही. पण खडूसने जे खाली आणले होते, तेच त्या माणसाला हवे होते. मीठ जास्त झाले म्हणून आम्ही सगळे ओरडत होतो, आणि ज्याची जीभ बधिर झाली आहे त्याला त्या मिठाशिवाय चवच लागत नव्हती. हे माझ्या लक्षात आले नाही. इवाफुने यांच्याही आले नाही. शहाणे म्हणवणारे आम्ही दोघे त्या खोलीतले पहिल्या नंबरचे गाढव ठरलो.

इवाफुने यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांना माफी मागता येत नाही, हे मी पूर्वीच ओळखले होते. त्यांनी तबकडी पुसली, माझ्या ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, तुमचा तो पाच तारेवाला आणा."

"पण काका, तुम्हीच म्हणालात..."

"आणा म्हणतोय ना! आणि आवाज जरा मोठा ठेवा."

आता माझे एक गुपित सांगतो. काम अपमानाचे वाटले की मी ट्रे अर्धवट अडकवतो. वय झाले आहे, कोणी संशय घेत नाही. गोडबोल्यासाठी मी तीन दिवसांत चौदा वेळा अडकलो होतो. त्या क्षणी अडकलो असतो तर कोणी मला दोष दिला नसता. मी ट्रे झटक्यात आत घेतला. खूण नेहमीसारखी मोठ्याने वाचली. त्या मूर्खाने ती नेहमीसारखी ऐकली नाही, आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही. तीन मिनिटांत हिरवी खूण आली. चित्रही पुन्हा त्या दुसऱ्याच बाईचे.

फाइल चालू झाली. पत्रा घासल्यासारखा कोतो खोलीभर किंचाळू लागला. मिचिए बापाशेजारी बसली होती. या वेळी तिने कानांवर हात ठेवले नाहीत. तोकुइचींनी मान तिरकी केली.  मग ते म्हणाले, आमच्यापैकी कोणाला नव्हे, दुसऱ्या बाजूच्या, फुसाएबाई बसत त्या रिकाम्या उशीकडे पाहून म्हणाले, "हो. ऐकू येतंय."

दुसऱ्या दिवशी आठला गाडी आली आणि पिशवीशिवाय गेली. त्या चारशे तबकड्या इवाफुने यांनी आपल्या दुकानाच्या माळ्यावर नेल्या. गोडबोल्याने केलेल्या फाइली एकेक करून खडूस आणि मी पुन्हा बनवत आहोत. आतापर्यंत त्यांपैकी एकतीस फाइलींत थापा सापडल्या आहेत. निळ्या पट्टीची तबकडी तोकुइचींबरोबर नीगाताला गेली, त्यांच्या कपड्यांच्या खणात. लॅपटॉपमध्ये तिच्या दोन फाइली आहेत. इवाफुने यांनी एकीला 'बरोबर' असे नाव दिले आहे आणि दुसरीला 'तोकु-सानची'. मिचिए सांगत होती, की पहिली अजून कोणी उघडलेली नाही.

गोडबोल्याबद्दल माझे मत बदलले असेल असे वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. तो खोटारडाच आहे. आंधळ्याच्या हाती एकदा बटेर लागली म्हणून त्याला शिकारी म्हणायचे नसते. त्या दिवशी काम साधले, कारण तबकडी जागेवर होती. पिशवी गेली असती आणि खडूसची फाइल राहिली असती, तरी त्या माणसाचे किडे गेले असते. पिशवी गेली असती आणि गोडबोल्याची राहिली असती, तर मिचिएची आई गेली असती.

म्हणून मित्रांनो, तुम्ही कोणता प्रोग्रॅम निवडता ते मला सांगू नका, तुम्ही बहुधा रंग बघूनच निवडाल. पण मूळ टाकू नका. मुळातून बरोबर प्रत निघते, आणि वेळ पडली तर हवी ती चूकही निघते. प्रतीतून मूळ काढून दाखवा पाहू! आणि माझ्यासारखा कोणी निळ्या टोपलीत पडलेला दिसलाच, तर त्याला घरी न्या. फक्त त्याचा ट्रे बोटाने ढकलू नका. बटण दिलेले आहे, ते दाबा.